मानसोपचारतज्ज्ञाकडे पहिल्यांदा जाताय? मग आधी एवढं वाचा

माझ्या कपाटात एक जाडजूड फाईल आहे. चार ईसीजी, एक टूडी इको, एक स्ट्रेस टेस्ट, पोटाची सोनोग्राफी, रक्ताचे पाच-सहा रिपोर्ट. प्रत्येक कागदाच्या तळाशी एकच शब्द: नॉर्मल. ही फाईल भरायला मला दहा महिने लागले आणि एक मुदत ठेव मोडावी लागली.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत काम करतो. मार्चअखेरच्या धांदलीत एका दुपारी कॅशवर बसलो होतो आणि अचानक छाती धडधडायला लागली. हात बधिर, अंगाला दरदरून घाम, आता आपण जातो असं वाटलं. सहकाऱ्यांनी गाडीत घालून मिरजेला नेलं. आमच्याकडे कुणाला काही झालं की मिरजच. हृदय ठणठणीत निघालं. आठवड्याने पुन्हा तेच. मग पोटाचे डॉक्टर, मानेचे डॉक्टर, मेहुण्याने आणलेला काढा. शेवटी एका फिजिशियननी सगळे कागद बाजूला सारून विचारलं, "झोप कशी लागते?" आणि त्या एवढ्याशा प्रश्नावर मला रडू फुटलं. त्यांनी एका मानसोपचारतज्ज्ञांसाठी चिठ्ठी लिहून दिली.

ती चिठ्ठी मी तीन आठवडे पाकिटात घालून फिरलो. लाज होतीच, पण खरी अडचण वेगळी होती. तिथे जाऊन सांगायचं काय? ताप असला तर ताप म्हणून सांगता येतं. आपल्याला काय झालंय हेच आपल्याला धड कळत नाही, तर दारात उभं राहून बोलायचं काय? त्या तीन आठवड्यांत कुणी सांगायला हवं होतं, ते इथे क्रमाने लिहितोय. मी डॉक्टर नाही. मी पेशंट आहे, आणि वाट कुठे चुकते ते मला चुकून कळलंय.

आधी हे: थांबायला वेळ नसेल तर

जीव नकोसा झाला असेल, मरणाचे विचार पाठ सोडत नसतील, किंवा घरातलं माणूस दिवसेंदिवस न झोपता, न खाता, भलतंच काही ऐकू येतंय म्हणून बिथरलेलं असेल, तर खालच्या पायऱ्या नंतर वाचा. १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही केंद्र सरकारची टेलिमानस सेवा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली. फुकट आहे, रात्री तीनलाही चालते, मराठीत बोलता येतं. धोका अगदी समोर असेल तर १०८ किंवा ११२ लावा, नाहीतर जवळच्या कुठल्याही मोठ्या दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत सरळ जा. माणसाला एकटं सोडू नका. घरातली औषधं आणि शेतीची फवारणीची औषधं कुलपात घालून किल्ली दुसऱ्याकडे द्या.

कुणी स्वतःला इजा करून घेतली असेल तर बरीच घरं पोलीस केसच्या भीतीने दवाखान्यात न्यायला उशीर करतात. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची केस, अशी नोंद होते हे खरं. पण मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मधलं कलम ११५ सांगतं की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरायचं आणि त्याच्यावर खटला चालवून शिक्षा करायची नाही. तेव्हा गाडी काढा.

१. दुखण्याला नाव देणं तुमचं काम नाही

"माझं डिप्रेशन आहे की नुसता आळस?" "हे टेन्शन सगळ्यांनाच असतं की." असल्या विचारात लोक वर्ष काढतात. मीही रात्री मोबाईलवर लक्षणं शोधत बसायचो आणि सकाळपर्यंत मला सहा आजार झालेले असायचे.

एवढंच बघा. झोप, भूक, कामातलं लक्ष, माणसांशी वागणं, यांत साधारण दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ बिघाड आहे का? त्यापायी रोजची कामं अडतायत का? म्हणजे मुलांच्या डब्यापासून पीक कर्जाच्या कागदापर्यंत कुठलंही काम. उत्तर हो असेल तर दाखवून यायला तेवढं कारण पुरे. आत बसलेल्या माणसाने शिकण्यात बरीच वर्षं घातलेली असतात. नाव तो देईल, किंवा "काही झालेलं नाही, जा घरी" म्हणेल. दोन्हीत तुमचं नुकसान नाही.

एक सावधगिरी मात्र पाळा. छातीत पहिल्यांदा दुखलं, श्वास कोंडला, तर ते मनाचं आहे असं स्वतःच ठरवू नका. आधी हृदय तपासा. माझा पहिला ईसीजी वाया गेला असं मी आजही म्हणत नाही. वाया गेले ते पुढचे तीन.

२. कोणाकडे? पाट्या वाचायला शिका

इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे. पाटीवर कुणी काहीही लिहितं, आणि मराठीत शब्दही एकमेकांत मिसळलेले आहेत.

मानसोपचारतज्ज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट. हे एमबीबीएस होऊन पुढे या विषयात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर. आजाराचं निदान आणि औषध यांच्याकडे. त्यांच्या चिठ्ठीवर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असतो. तो नसेल तर विचारा, त्यात अपमान काही नाही.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे मानसशास्त्र शिकून रुग्णालयातलं प्रशिक्षण घेतलेले, बहुतेक जण एम.फिल. झालेले. यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि ती परिषदेच्या संकेतस्थळावर तपासता येते. चाचण्या आणि थेरपी हे त्यांचं काम. ते गोळ्या लिहून देत नाहीत. देत असतील तर उठून या.

समुपदेशक, म्हणजे काऊन्सेलर, हा शब्द सगळ्यात सैल. एम.ए. करून वर्षानुवर्षं संस्थेत काम केलेले उत्तम समुपदेशक मी पाहिलेत. आणि चार शनिवारचा कोर्स करून प्रमाणपत्र भिंतीला लावलेलेही पाहिलेत. तेव्हा शिक्षण काय, कुणाच्या देखरेखीखाली काम केलं, गरज पडली तर कुठल्या मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवता, हे तीन प्रश्न विचाराच. तिसऱ्या प्रश्नावर "आमच्याकडे कुणाला गोळ्या लागतच नाहीत" असं उत्तर आलं तर तिथे थांबू नका.

मग सुरुवात कुठून? माझा ठोकताळा असा. झोप-भूक गेली असेल, शरीरावर परिणाम दिसत असेल, भास होत असतील, मरणाचे विचार असतील, तर पहिली भेट मानसोपचारतज्ज्ञाची. घरातली भांडणं, दुःख पचत नाही, निर्णय घेता येत नाही, असं असेल तर समुपदेशकापासून सुरू करायला हरकत नाही. दारू-गांजाचा प्रश्न असेल तर व्यसनमुक्तीचं काम करणारी जागा शोधा; पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हेच करतंय. चुकीच्या दारात गेलात तरी चांगला माणूस तुम्हाला बरोबर दारात पाठवतो.

"सात दिवसांत नैराश्य मुळापासून गायब" असे फलक एसटी स्टँडच्या भिंतीवर असतात. त्यातल्या एका संमोहनवाल्याकडे मीही गेलो होतो. शांत झोप लागली, त्याच्या खुर्चीत. घरी आल्यावर नाही.

३. कुठे? जवळचं आणि परवडणारं

सरकारी वाट लोक उगाच टाळतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात मानसोपचार ओपीडी असते, आणि काही ग्रामीण रुग्णालयांत ठरलेल्या वारी मानसोपचाराची टीम येते. तो वार कुठला, हे तुमच्या गावच्या आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. जिथे सिव्हिल वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे, आमच्या सांगली-मिरजेसारखं, तिथे केसपेपरचे थोडे पैसे पडू शकतात. पण तिथे मानसोपचाराचा स्वतंत्र विभाग असतो आणि शिकणारे डॉक्टर तुमची कहाणी निवांत ऐकून घेतात. मला खासगीत बारा मिनिटं मिळाली होती. माझ्या आतेभावाला सरकारीत पाऊण तास मिळाला. तीन तास रांगेत बसून, हेही सांगतो.

ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. गोव्यात बांबोळीला मानसोपचाराची स्वतंत्र संस्था आहे. या नावांना लोक बिचकतात, पण तिथेही रोजची ओपीडी चालते. दाखवून संध्याकाळी घरी यायचं. 'येरवड्याला पाठवा' हा विनोद आपण शाळेपासून ऐकतो, म्हणून ती फाटकं एवढी जड वाटतात.

खासगीत जायचं असेल तर फोन करून तीनच गोष्टी विचारा: पहिल्या भेटीची फी किती, पुढच्या भेटीची किती, आणि नंबर लावून बसायचं की वेळ ठरवून मिळते. गावात कुणी बघेल ही भीती असेल तर शेजारच्या शहरात जा. मी स्वतः आधी कोल्हापूरला गेलो. पण दर महिन्याला प्रवासात रजा जायला लागली तेव्हा मुकाट्याने जवळचा डॉक्टर धरला. पहिल्याच भेटीला तिथल्या बाकावर आमच्या संस्थेचे दोन खातेदार बसलेले. तिघांनीही छताकडे पाहिलं.

४. सोबत काय न्यायचं

- आधार कार्ड किंवा कुठलंही ओळखपत्र. सरकारी दवाखान्यात केसपेपरला उपयोगी पडतं.
- आधीच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि रिपोर्ट. सगळी फाईल नको. थायरॉईड, हिमोग्लोबिन, साखर, बी-१२ हे असतील तर ते वर ठेवा. थायरॉईड बिघडलं तरी माणूस उदास होतो, बेचैन होतो, म्हणून ते बघतातच.
- सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं. बीपीची, रक्त पातळ करायची, गर्भनिरोधक, आणि हो, मेहुण्याचा काढासुद्धा. नावं पाठ करू नका, पाकिटं पिशवीत घाला.
- घरातलं एक माणूस. सक्ती नाही, पण पहिल्या भेटीला असेल तर बरं. आपल्याला न दिसलेलं त्याला दिसलेलं असतं. माझ्या बायकोने सांगितलं की मी सहा महिन्यांत एकदाही मोठ्याने हसलो नव्हतो. मला पत्ता नव्हता.
- आणि एक कागद.

हा कागद सगळ्यात महत्त्वाचा. आत गेल्यावर तोंडातून शब्द फुटत नाही, नाहीतर सासूबाईंच्या तक्रारीपासून सुरुवात होते आणि वेळ संपतो. आदल्या रात्री एका पानावर लिहा: त्रास कधी सुरू झाला, आधी काय घडलं होतं, किती वेळा होतो, किती वेळ टिकतो, झोप किती तास, वजन घटलं-वाढलं का, तंबाखू, दारू, चहा किती, घराण्यात कुणाला असं काही होतं का, कामावर काय अडतंय. माझ्या कागदावर पहिली ओळ होती, "बँकेत, बसमध्ये, लग्नात छाती धडधडते, दहा-पंधरा मिनिटांत कमी होते, मग दिवसभर परत होईल म्हणून भीती." डॉक्टरांनी ती वाचली आणि मान हलवली. दहा महिने ज्याला नाव नव्हतं, ते त्या एका वाक्यात होतं: पॅनिक अटॅक.

बोलवत नसेल तर कागद सरळ त्यांच्या पुढ्यात ठेवा. चालतं.

आयुष्यात कधी उलटा काळ आला असेल तर तोही लिहा. म्हणजे काही दिवस झोपेशिवाय तरतरी, वायफळ खर्च, बोलणं थांबत नाही, आपण राजे आहोत असं वाटणं. लोक हे सांगत नाहीत कारण तेव्हा बरं वाटलेलं असतं. पण त्यावरून औषध बदलतं. नुसती नैराश्याची गोळी दिली तर असं माणूस पुन्हा त्या टोकाला जाऊ शकतं.

५. घरच्यांना सांगणं

सगळ्यांना सांगायची गरज नाही. एकाला सांगा. तो एक कसा निवडायचा? जो ऐकल्या ऐकल्या उपाय सांगत नाही, तो.

माझ्या आईचं म्हणणं, बाहेरचं झालंय. नारळ उतरवून टाकला, अमावास्येला देवऋष्याकडे नेते म्हणाली. मी तिच्याशी वाद घातला नाही. देवाला नमस्कार करायला माझी ना नव्हती, पण अंगारा लावल्यावर गोळी बंद करायची असं कुणी म्हटलं की तिथे मात्र ठाम राहायचं, हे बायकोने आणि मी ठरवलं होतं. घरच्या श्रद्धेशी भांडत बसलात तर दवाखान्यात जायचं राहून जातं. पण मारहाण, चटके, कोंडून ठेवणं, साखळीने बांधणं हे कुणी उपचार म्हणून सुचवत असेल तर तिथे नम्रता नको. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि मानसिक आरोग्यसेवा कायद्यातही माणसाला साखळदंडाने बांधायला साफ बंदी आहे.

वडीलधाऱ्यांना "मनाचा डॉक्टर" हे शब्द झेपत नसतील तर "झोपेच्या आणि नसांच्या डॉक्टरकडे चाललोय" म्हणा. मी म्हटलं. सहा महिन्यांनी आईनेच शेजारणीला तिथलं कार्ड दिलं.

६. पहिल्या भेटीत काय होतं

सिनेमातल्यासारखा आडवं पडायचा कोच नसतो. साधं टेबल, दोन खुर्च्या. तुमचा कागद बघून ते प्रश्न विचारतात, आणि काही प्रश्न विचित्र वाटतात. आज वार कोणता? आवाज ऐकू येतात का? कुणी आपल्या वाईटावर आहे असं वाटतं का? जीव द्यावासा वाटला का? हे तुम्हालाच नाही, सगळ्यांना विचारतात. शेवटच्या प्रश्नाला खरं उत्तर द्या. "हो, विचार येतो" म्हटलं म्हणून लगेच कुणी दाखल करत नाही. विचार कितपत पुढे गेलाय ते पाहून पुढचं ठरतं.

सोबतच्या माणसासमोर बोलायचं नसेल तर "मला पाच मिनिटं तुमच्याशी एकट्यानेच बोलायचंय" असं डॉक्टरांना म्हणा. नवरा, सासू, बाप, कुणालाही बाहेर बसवता येतं. तुमची माहिती गुप्त ठेवणं त्याच २०१७ च्या कायद्याने बंधनकारक आहे. जिवाला धोका किंवा कोर्टाचा हुकूम यांसारखे मोजके अपवाद सोडले तर ती मालकाला, सोयऱ्यांना, कुणालाही देता येत नाही. स्वतःच्या उपचारांच्या नोंदी मागायचा हक्कही तुम्हाला आहे.

निघण्याआधी चार प्रश्न विचारून उत्तरं त्याच कागदाच्या मागे लिहा: तुम्हाला काय वाटतं, मला काय झालंय? गोळी कशासाठी आणि किती दिवसांनी लागू पडेल? सुरुवातीला काय त्रास होईल? मध्येच बिघडलं तर फोन कुठे करायचा? पहिल्या भेटीत पक्कं निदान झालं नाही तर डॉक्टर कच्चा असं समजू नका. काही आजार दोन-तीन भेटींतच उलगडतात.

७. गोळ्या: इथेच सगळे घसरतात

मला दोन गोळ्या मिळाल्या. एक एस्सिटालोप्राम, भीती-नैराश्यावरची, रोज घ्यायची. दुसरी क्लोनाझेपाम, लगेच शांत करणारी, रात्री अर्धी, तीही तीन आठवडेच. या दोन्हीतला फरक कळला असता तर मी एक मोठी चूक टाळली असती.

पहिली गोळी सावकाश चढते. दोन ते चार आठवडे काहीच जाणवत नाही, पूर्ण परिणामाला सहाही लागतात. पण तिचे त्रास पहिल्या दिवसापासून हजर: मळमळ, तोंड कोरडं, पोट बिघडणं, थोडी बेचैनी. म्हणजे पहिल्या आठवड्यात आपण जास्तच आजारी पडतो असं वाटतं. आठव्या दिवशी मी गोळी कचऱ्यात टाकायला निघालो होतो. चौथ्या प्रश्नाच्या उत्तरातला फोन लावला, डॉक्टर म्हणाले जेवणानंतर घ्या, पाच दिवस थांबा. थांबलो. मळमळ गेली. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींवर मात्र या पहिल्या आठवड्यांत घरच्यांनी बारीक लक्ष ठेवावं. अस्वस्थता किंवा मरणाचे विचार वाढले तर पुढच्या तारखेची वाट न बघता कळवावं.

दुसरी गोळी अर्ध्या तासात काम करते, म्हणून सगळ्यांना तीच आवडते. सवय लागते ती हिची. ती आणि दारू एकत्र घेणं धोक्याचं आहे. "तुम्हाला लागू पडली ना, मग मलाही एक द्या" म्हणून शेजारी मागतात. देऊ नका. आणि मेडिकलवाल्याने चिठ्ठी मागितली तर त्याच्यावर चिडू नका. कायद्याने त्याला मागावीच लागते.

आता माझी चूक. तीन महिन्यांनी मी एकदम बरा झालो. लग्नात जेवलो, बसने पुण्याला जाऊन आलो. गोळी बंद केली, कुणाला न विचारता. चार दिवसांत चक्कर, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं, चिडचिड. महिन्याभरात कॅशवर पुन्हा तीच धडधड. बरं वाटायला लागल्यानंतरही साधारण सहा महिने ते वर्षभर गोळी चालू ठेवतात, आणि मग डोस पायरीपायरीने उतरवतात. किती दिवस, ते आजारावर आणि माणसावर आहे, ठरवायचं डॉक्टरने. काही आजारांत वर्षानुवर्षं घ्यावी लागते, मधुमेहासारखी. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर आधी सांगा, पण घाबरून स्वतःच थांबवू नका.

वजन वाढणं, झोपाळू वाटणं, लैंगिक इच्छा कमी होणं, असं काही झालं तर स्पष्ट सांगा. शेवटचं कुणी बोलत नाही आणि बऱ्याच गोळ्या याच कारणाने गुपचूप सुटतात. औषध बदलता येतं.

खर्चाचं म्हणाल तर यातल्या नेहमीच्या गोळ्या जनऔषधी केंद्रात ब्रँडपेक्षा बऱ्याच स्वस्त मिळतात. डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहायला सांगा. पाकिटात आठवडाभराच्या गोळ्या शिल्लक असतानाच पुढची आणा. दिवाळीच्या सुट्टीत मेडिकल बंद आणि गोळी संपलेली, हे मी भोगलंय.

८. नुसतं बोलून काय होतं?

मलाही असंच वाटायचं. थेरपी म्हणजे सल्ला नव्हे, आणि कीर्तन तर नव्हेच. माझ्यासाठी जी होती तिला सीबीटी म्हणतात, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायची थेरपी. आठवड्यातून एकदा, पाऊण ते एक तास, बारा भेटी. गृहपाठ असायचा. धडधडायला लागलं की मी कॅश सोडून मागे पळायचो. त्याने त्या वेळेपुरतं बरं वाटायचं आणि भीती आणखी पक्की व्हायची. थेरपीच्या मॅडमनी सांगितलं, पळायचं नाही, खुर्चीत बसून घड्याळाकडे बघायचं आणि भीती दहापैकी किती ते दर दोन मिनिटांनी लिहायचं. पहिल्या दिवशी आकडे होते ९, ९, ८, ६, ४. धडधड आपोआप उतरते, हे मला त्या आकड्यांनी शिकवलं. वहीतली ती पानं अजून ठेवलीत.

दर शहरागणिक आणि माणसागणिक वेगळे असतात, आधी विचारा. परवडत नसेल तर वैद्यकीय महाविद्यालयात आणि विद्यापीठांच्या मानसशास्त्र विभागात चौकशी करा. आपल्या भाषेत बोलता येणारा माणूस मिळत नसेल तर ऑनलाइन बघा. बेंगळुरूला नोकरी करणारी माझी पुतणी पुण्यातल्या बाईंशी व्हिडिओवर मराठीत बोलते. "घालमेल" आणि "कोंडमारा" तिला इंग्रजीत सांगता येत नव्हतं.

९. रजा आणि विमा

रजेसाठी डॉक्टरांचं वैद्यकीय प्रमाणपत्र मिळतं. त्यावर आजाराचं नाव किती स्पष्ट लिहायचं हे त्यांच्याशी आधी बोला. मी वरिष्ठांना फक्त "उपचार चालू आहेत, दर महिन्याला अर्धा दिवस लागेल" एवढं सांगितलं आणि ते पुरलं.

मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच विमा संरक्षण द्यावं, असं २०१७ च्या कायद्यात आहे. पण बहुतेक पॉलिसी दाखल झाल्यावरचा खर्च देतात, ओपीडीचा नाही. तुमच्या पॉलिसीत ओपीडी आहे का, प्रतीक्षाकाळ किती, हे वाचा. नवी पॉलिसी घेताना चालू उपचार लपवू नका. पुढे नेमका त्याच कारणाने दावा अडतो. पावत्या मात्र सगळ्या ठेवा.

१०. दाखल व्हायला सांगितलं तर

बहुतेकांवर ही वेळ येत नाही. आलीच तर हे माहीत असू द्या. स्वतःच्या इच्छेने दाखल झालात तर सुट्टी मागता येते. परिस्थिती बघायला डॉक्टर २४ तासांपर्यंत थांबवू शकतात. माणूस निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे त्याच्या वतीने बघायला नेमलेल्या माणसाच्या, अर्जावर दाखल करतात. ती मुदत सुरुवातीला जास्तीत जास्त ३० दिवसांची. हा प्रतिनिधी कोण, हे तुम्ही बरे असताना साध्या कागदावर लिहून सही करून ठरवू शकता. माझ्या कागदावर बायकोचं नाव आहे. शॉक ट्रीटमेंटचं नाव काढलं की सिनेमातलं दृश्य डोळ्यांसमोर येतं, पण भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ती द्यायला कायद्याने मनाई आहे. झोपेत होते.

११. डॉक्टर पटला नाही तर

दोन-तीन भेटी द्या. प्रश्न विचारल्यावर खेकसत असेल, तुमच्या जातीवर, लग्नावर, पोराबाळांवर शेरे मारत असेल, किंवा गोळी कशाची हे सांगतच नसेल, तर बदला. पण गोळी चालू ठेवून बदला, आणि जुनी चिठ्ठी सोबत न्या, नाहीतर नवा डॉक्टर पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू करतो. मी बदलला तेव्हा ती जाडजूड फाईल घेऊन गेलो होतो. नव्या बाईंनी ती हातात घेऊन वजन केल्यासारखी तोलली, बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "तो एक पानाचा कागद आणलाय का?"